हरकत

“सेक्रेटरी काही खात नाही गं,” आई फोनवर म्हणाली, आणि इकडे दवाखान्यात धाकटीच्या हातातली सुई कुत्र्याच्या मानेपाशी तशीच राहिली. फोन तिने कान आणि खांदा यांच्यात दाबून धरला होता. टेबलावरचं काळं कुत्रं थरथरत होतं, त्याची मालकीण त्याला “झालं हं, झालं” म्हणत होती, आणि झालं तर काहीच नव्हतं. “कालपासून कशाला तोंड लावत नाही. कोपऱ्यात अंग चोरून बसलाय. ताई म्हणते संध्याकाळपर्यंत बघू. तू येतेस का?” येते, असं ती म्हणाली. मग तिने सुई टोचली, कापसाने जागा चोळली, मालकिणीला पुढच्या लसीचं सांगितलं, आणि हात धुवायला बेसिनपाशी गेली. समोर आरसा होता. त्यात बघायची तिला इच्छा झाली नाही.

सेक्रेटरी म्हणजे आईचा ससा. पांढराशुभ्र, एका कानावर करडा डाग, आणि स्वभावाने महातापट. कोणीतरी खोक्यात घालून त्याला दवाखान्याच्या पायरीवर सोडून गेलं होतं, तो तिनेच आईला नेऊन दिला होता. बाबा गेल्यावर आई ताईकडे राहायला गेली, त्या घरात तिच्या मालकीचं असं काहीच नव्हतं. निदान एक ससा असू दे. मनासारखं झालं नाही की तो मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटायचा. पहिल्यांदा आपटला तेव्हा आई चमकली आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “अगं, हे तर सेक्रेटरीच!” बाबा त्यांच्या ऑफिसच्या युनियनचे सेक्रेटरी होते आणि घरातही सेक्रेटरीच होते. जेवणाच्या टेबलावर ते ठराव मांडायचे. रविवारी कुठे जायचं, रेडिओ विकायचा का, कोणी कोणत्या खोलीत झोपायचं. ठराव मांडून झाला की “हरकत?” असं विचारायचे आणि तिघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघायचे. ज्याला नको असेल त्याने तोंडाने ‘नाही’ म्हणायचं. गप्प बसणाऱ्याचा होकार. थोडा वेळ थांबून ते चमचा टेबलावर एकदा आपटायचे आणि म्हणायचे, “मंजूर.” त्या चमच्यानंतर रडण्याला, रुसण्याला, पाय झाडण्याला काडीची किंमत नसे. बाहेर लोकांना हे सांगितलं की ते हसायचे, केवढी लोकशाही म्हणायचे. लोकांचं काय जातं.

गाडी सुरू करण्याआधी ती परत आत गेली. मागच्या खोलीत एका पिंजऱ्यात एक तपकिरी ससा होता, ऑपरेशन झालेला. टाके तोडू नयेत म्हणून त्याच्या गळ्यात प्लास्टिकची गोल कॉलर होती. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कोरड्या टणक, त्या सगळ्यांना माहीत असतात. आणि मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या चिकटलेल्या, त्या तो लगेच स्वतःच तोंड लावून खाऊन टाकतो, म्हणून कोणाला दिसत नाहीत. या तपकिरी सशाचं तोंड कॉलरमुळे तिथवर पोचत नव्हतं, म्हणून त्या तशाच पडल्या होत्या. तिने लाकडी पट्टीने त्या अलगद उचलल्या, झाकणाच्या डबीत भरल्या आणि डबी पर्समध्ये टाकली. कंपाउंडर दारात उभा होता. “मॅडम, ताईंकडच्या सशाला काय झालं?” त्याने विचारलं. “काय माहीत,” ती म्हणाली. “बघितल्याशिवाय कसं कळणार?” खोटं इतकं सहज बाहेर पडलं की तिला स्वतःलाच मजा वाटली आणि त्या मजेची किळस आली.

कारण तिला माहीत होतं. आईचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच माहीत होतं. या आठवड्याच्या सुरुवातीला ताईचा मेसेज आला होता, आणि तेव्हाही तिचे हात कुठल्यातरी कुत्र्याच्या कानातच होते. ‘आईच्या सशाचं नाक गळतंय, शिंकतो. घरात मुलांचं अमॉक्सिसिलिन सिरप आहे. वजनाप्रमाणे दिलं तर चालेल ना?’ हातमोजे काढून तिने तो मेसेज उघडला होता. ताई विचारत होती. लहान मुलांची नामांकित डॉक्टर, जिच्या दवाखान्यात आया पहाटेपासून नंबर लावतात, ती ताई हिला, जनावरांच्या डॉक्टरला, काहीतरी विचारत होती. ‘देऊ नकोस’ एवढं लिहायचं होतं. तिने ते लिहिलंही. मग पुसलं. विचारू दे की पुन्हा, असं तिच्या मनात आलं. फोन करू दे. ‘अगं, सांग ना’ असं म्हणू दे एकदा तरी. मेसेजखाली दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या, म्हणजे बघितल्याचं ताईला दिसलं होतं. तिने फोन पालथा घातला आणि पुढचं कुत्रं आत बोलावलं. संध्याकाळी तिला मेसेजची आठवण झाली. दुसऱ्या दिवशीही झाली. विसरले होते असं म्हणायची सोय तिने स्वतःला ठेवली नव्हती. ताई एवढी शिकलेली आहे, कुठेतरी वाचून बघेलच, असं म्हणून ती झोपली आणि झोप चांगली लागली. आता तिला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर त्या चांगल्या झोपेचा.

सिग्नलला गाडी थांबली. पुढे एका टेम्पोत गाद्या रचलेल्या होत्या आणि त्यांवर एक माणूस आडवा पसरून आकाशाकडे बघत होता. त्याच्यावर ती विनाकारण चिडली. ते औषध ती स्वतः रोज वापरत होती. कुत्रा चावलेली मांजर, मांजर चावलेला कुत्रा, सडलेला दात, फुटलेलं गळू. नेमका कोणता जंतू आहे हे कळायला प्रयोगशाळेतून उत्तर यावं लागतं, आणि जनावराला तेवढी उसंत नसते. मग ब्रॉड स्पेक्ट्रम. ज्याचा पल्ला मोठा, जे या जातीच्याही जंतूला मारतं आणि त्याही. कॉलेजात एक चिडखोर प्राध्यापक होते, फळ्यावर खडूने विटांची भिंत काढायचे. जंतूला अंगाभोवती भिंत असते, सांगायचे. एकाचे दोन होताना त्याला नवी भिंत बांधावी लागते. हे औषध गवंड्याचे हात धरतं. भिंत अर्धी राहते, आणि आतला दाब सहन न होऊन जंतू फुटतो. “जो वाढतो तो मरतो. जो गप्प पडून असतो तो वाचतो,” असं म्हणून ते खडू खिडकीबाहेर फेकायचे. औषधाला शत्रू ओळखता येत नाही, हेही तेच सांगायचे. कुत्र्याला त्याने फार तर हगवण लागते. माणसाच्या पोरालाही फार तर तेवढंच. पण सशाचं पोट म्हणजे जंतूंनी चालवलेली खानावळ आहे. आतड्याच्या मध्यावर एक भलीमोठी पिशवी, तिच्यात कोट्यवधी जंतू गवत आंबवतात, आणि त्यांनी शिजवलेल्यावर ससा जगतो. गोड सिरप तोंडावाटे पोटात उतरलं की आधी हे आचारी मरतात. जागा रिकामी झाली की कोपऱ्यात दबून राहिलेली एक वाईट जात त्या पिशवीभर पसरते आणि विष सोडते. सशाला उलटीही करता येत नाही. सगळं आतच राहतं. पहिल्या वर्षाच्या पोरांनासुद्धा हे पाठ असतं. माणसांच्या डॉक्टरला मात्र हे कोणी शिकवत नाही, कारण माणसांच्या डॉक्टरने सशाला औषध द्यावं अशी कोणाची अपेक्षाच नसते.

ससा वाचला पाहिजे. हे तिने गाडीत मोठ्याने म्हटलं. वाचला तर ‘नाकाचं जरा जास्त झालं होतं’ म्हणता येईल, औषध हळूच बदलता येईल, आणि निळ्या खुणांबद्दल आईला कधी कळणार नाही. मेला तर ताई बोलेल. ताई बोलली की आई हिच्याकडे बघेल. आईच्या त्या बघण्याची तिला एवढी धास्ती वाटली की पाठीमागच्या गाडीने दोनदा हॉर्न दिला तरी तिचा पाय क्लचवरच होता. आणि त्या धास्तीच्या तळाशी, लाज वाटावी अशी, एक छोटीशी खुशी बसलेली होती. औषध कोणी दिलं? ताईने. इतक्या वर्षांत ताईच्या हातून पहिल्यांदा काहीतरी मरणार होतं, आणि ते आईच्या मांडीवर. ही खुशी तिने हाकलली. ती गेली नाही.

पिल्लाची गोष्ट तिने कोणालाच कधी सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही, तो बिचारा ऐकून “मग?” असं म्हणाला असता. आठवीत असताना तिने रस्त्यावरचं एक पिल्लू घरी आणलं होतं. पिवळसर, पोट फुगलेलं, अंगाला ओल्या पोत्यासारखा वास. आठ-पंधरा दिवस ते गॅलरीत राहिलं. मग एका रात्री जेवताना बाबांनी ठराव मांडला: पिल्लू उद्या पलीकडच्या कारखान्याच्या वॉचमनला द्यायचं. हरकत? तिच्या घशात घास अडकला होता. रडू इतकं दाटलं होतं की तोंड उघडलं असतं तर शब्दाऐवजी हंबरडाच निघाला असता. तिने ताईकडे बघितलं. ताईला माहीत होतं. ताई रात्री उठून पिल्लाला दूध घालायची, तिची बोटं ते चोखायचं. ताईने नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं, दोन अक्षरं. ताई ताटातल्या भातावर बोटाने रेघ ओढत राहिली. चमचा वाजला. बाबांवर तिने कधी राग धरला नाही, त्यांचं काम चमचा वाजवण्याचंच होतं. आईवरही नाही, आई त्या टेबलावर कधीच काही बोलली नव्हती. सगळा राग ताईच्या वाट्याला गेला आणि तिथेच मुरला. पुढे बाबा गेले, त्याच आठवड्यात ताई म्हणाली, “आई माझ्याकडे राहील. कोणाची हरकत?” हुबेहूब तोच आवाज. ती गप्प बसली. तुझ्याकडे का, माझ्याकडे का नाही, असं विचारायचं होतं. पण विचारलं तर ते मागितल्यासारखं झालं असतं. ताईने चमचा वाजवला नाही एवढंच. नंतर कोणाच्यातरी घरी पाहुण्यांसमोर ताईने तिची ओळख करून दिली, “ही आमची धाकटी. हिचं बरं आहे, हिचे पेशंट तक्रार करत नाहीत.” सगळे हसले. तीही हसली. त्या हसण्याने तिचे गाल दुखले होते, ते दुखणं अजून जागच्या जागी होतं.

दार ताईने उघडलं. दवाखान्यातून मधेच घरी आलेली, गळ्यात अजून स्टेथोस्कोप, चेहऱ्यावर थकवा. “ये,” ती म्हणाली आणि बाजूला झाली. घरात फिनेलचा वास होता आणि त्याखाली दुसरा, आंबूस, तो फिनेलला दबत नव्हता. आई आतल्या खोलीत खिडकीपाशी जमिनीवर बसली होती. गुडघे दुखतात म्हणून ती कधी जमिनीवर बसत नसे. मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलात सेक्रेटरी. त्याचे कान पाठीवर चपटे पडलेले, डोळे अर्धे मिटलेले, आणि दात एकमेकांवर घासल्याचा बारीक आवाज. ससा सुखात असला तरी दात वाजवतो, पण तो आवाज वेगळा. तिने कानाला हात लावला. कान गार होता. पोटाला हात लावला, पोट ढोलकीसारखं ताणलेलं. शेपटीखालचे पांढरे केस पिवळट पाण्याने चिकटले होते.

“केव्हापासून पातळ होतंय?”

“काल दुपारपासून,” आई म्हणाली. “आधी वाटलं नाकाचं बरं झालं. शिंका थांबल्या बघ. नाक अगदी कोरडं झालं.”

“हो,” ती म्हणाली. नाकाचं खरंच बरं झालं होतं. औषधाने आपलं काम चोख केलं होतं.

बाटली आईच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर होती. गुलाबी सिरप, बाटलीच्या गळ्याशी वाळून कडक झालेला ओघळ, शेजारी काचेचा ड्रॉपर. तिने बाटलीकडे बघितलं आणि ताईने तिच्याकडे बघितलं.

“तुला विचारलं होतं मी,” ताई म्हणाली. आवाज चढवून नाही. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तसं.

“मग उत्तराची वाट का नाही बघितलीस?”

“बघितली.”

“अगं, भांडू नका,” आई म्हणाली. “त्याला आवाज सहन होत नाही.”

तिने कामाला सुरुवात केली. काम हातांना येत होतं, त्याला डोकं लागत नव्हतं. गरम पाण्याची पिशवी, टॉवेलात गुंडाळून त्याच्या कुशीला. कातडीखाली सलाइन, वेदनेचं इंजेक्शन, त्या वाईट जातीवर लागू पडणारं दुसरं औषध. सुई गेली तेव्हा सेक्रेटरीने अंग चोरलं नाही, पायही आपटला नाही. एरवी तिला नुसतं बघून तो आपटायचा. आई त्याच्या दोन डोळ्यांच्या मधल्या जागी एका बोटाने कुरवाळत होती, वरून खाली, वरून खाली, आणि तिचं बोट इतकं सुरकुतलेलं कधी झालं हे हिला कळलंच नव्हतं. “वाचेल ना गं?” आईने विचारलं. “बघू,” ती म्हणाली, आणि डबी घेऊन स्वयंपाकघरात गेली. ताई मागोमाग आली.

“वाटी दे. कोमट पाणी. आणि गाळणं.”

ताईने चहाचं गाळणं दिलं. तिने डबी उघडून त्या मऊ लेंड्या वाटीत टाकल्या, चमच्याच्या पाठीने चेपल्या, पाणी घातलं. हिरवट काळा चिखल झाला. “गाळणं धर,” ती म्हणाली. ताईने धरलं. इतक्या वर्षांनी दोघी एका ओट्यापाशी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या आणि करत काय होत्या तर सशाच्या लेंड्या गाळत होत्या. दुसऱ्या कोणत्याही दिवशी एकीला हसू फुटलं असतं आणि तिच्या हसण्याने दुसरीला.

“हे कशाला?” ताईने विचारलं.

“याच्या पोटातले चांगले जंतू मेलेत. दुसऱ्या सशाचे पोटात घालायचे. कधीकधी रुजतात.”

“कधीकधी.”

“हो, कधीकधी. लवकर दिलं तर.”

ताईने गाळणं ओट्यावर ठेवलं. थेंब ठिबकत राहिले. “आई फोनवर काय म्हणाली तुला?”

“खात नाही म्हणाली.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मी शेजारीच उभी होते. जुलाबाचं आई बोलली नाही. औषधाचंही बोलली नाही.” ताईने डबीचं झाकण उचललं, बघितलं, परत ठेवलं. “खात नाही म्हटल्यावर शंभर कारणं असतात. दात असतील, केस गिळलेले असतील. तू दवाखान्यातून निघतानाच हे भरून घेऊन आलीस.”

ती नळाकडे वळली. नळ नीट बंद नव्हता, तो तिने बंद केला.

“त्या दिवशी तू टाइप करत होतीस. मला दिसत होतं. मी दोन पेशंटच्या मध्ये फोन हातात धरून बसले होते. मग थांबलीस.” ताईचा आवाज आता त्या नातेवाइकांसाठीच्या आवाजासारखा राहिला नव्हता. “काय लिहिलं होतंस?”

“औषध तू दिलंस,” ती म्हणाली. हे वाक्य तिने सिग्नलपासून जिभेखाली धरून ठेवलं होतं. “डॉक्टर तू आहेस. एक पुस्तक उघडून बघायचं होतंस. एवढ्या आया तुझ्यावर विश्वास टाकतात. माझे पेशंट तक्रार करत नाहीत ताई, पण निदान मी त्यांना माणसांचं सिरप पाजत नाही. तू दिलंस. तुझ्या हाताने मारलंस त्याला.”

ताईचं तोंड उघडलं. ती आता काहीतरी भयंकर बोलणार असं वाटलं, आणि ही तयारच होती, हिला ते हवंच होतं, वाट्टेल ते बोलू दे, पिल्लापासून सगळं निघू दे. पण ताईने आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. मग तोंड मिटलं. “हो,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी दिलं. आता ते ड्रॉपरमध्ये भर आणि चल.”

एवढं सोपं? तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पायरी उतरताना पायरीच नसावी तसं झालं. ताई कधी ‘हो’ म्हणत नसे, वादात तर नाहीच. ड्रॉपर भरून आत जाताना ती त्या ‘हो’चाच विचार करत होती, आणि त्याच्यात काहीतरी खोटं आहे एवढं तिला कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

ड्रॉपरची गरज पडली नाही. खोलीत पाऊल टाकताच तिला दिसलं, आईचं बोट अजून वरून खाली फिरत होतं आणि त्याखालचं डोकं बोटाबरोबर हलत होतं. आपल्या जोरावर नाही. शेवटी त्याने मागचा पाय एकदा ताणला असावा, टॉवेल त्या बाजूने सरकला होता. तिने गुडघ्यावर बसून छातीला दोन बोटं लावली. सशाचं काळीज एरवी मोजता येणार नाही इतकं जलद चालतं. तिने बराच वेळ बोटं ठेवली. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती चालू होत नव्हती. ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

“गेला,” ती म्हणाली.

आईने मान हलवली. ती रडली नाही. टॉवेलाचं एक टोक उचलून तिने त्याच्या पाठीवर नीट घातलं, थंडी वाजू नये तसं. “औषध चुकलं का?” तिने विचारलं.

इथे बोलायचं होतं. ताई दारातच होती, तिने मघाशी कबूलही केलं होतं. “हे औषध सशाला चालत नाही आई,” ती म्हणाली. “तोंडावाटे तर मुळीच नाही. माणसाला चालतं, कुत्र्याला चालतं. याच्या पोटातलं सगळं मरतं त्याने. ताईला ते माहीत नव्हतं.” आणि तिला ऐकू आलं की आपला आवाज मऊ आहे, समजूतदार आहे, क्षमा केल्यासारखा आहे. इतका हलकट आवाज तिने आयुष्यात कधी काढला नव्हता.

“तिचं काय,” आई म्हणाली. “दिलं मी.”

“आई, राहू दे,” ताई चौकटीपासून पुढे आली.

“राहू दे कशाला? खरं ते खरं. ही म्हणत होती, थांब, छोटीचं उत्तर आलं नाही, रात्री फोन करून विचारते. मीच नको म्हटलं. मी म्हटलं, तिने बघितलंय ना? बघून गप्प आहे ना? मग तिची हरकत नाही. आपल्या घरात तसंच चालत आलंय.” आई सशाकडे बघूनच बोलत होती. “सकाळ-संध्याकाळ मीच दिलं. ड्रॉपरने. त्याला आवडायचं गं, गोड असतं ना. शेवटचा थेंब तो चाटून घ्यायचा.”

गुलाबी बाटलीवर खिडकीतलं ऊन पडलं होतं. तिने तिकडे बघितलं, मग ड्रॉपरकडे, मग आपल्या हातातल्या दुसऱ्या ड्रॉपरकडे, ज्यातला हिरवा चिखल आता काचेला बसू लागला होता. ताईकडे बघायची तिची छाती नव्हती. ताई खोटं बोलली होती, ओट्यापाशी, आईसाठी. आणि हिने तेच खोटं उचलून आईसमोर ठेवलं होतं. इतकी वर्षं सांभाळलेला राग तिने ताईवर सोडला होता आणि तो ताईला ओरखडासुद्धा न काढता पलीकडे गेला होता, या सुरकुतलेल्या बोटापर्यंत. सकाळ-संध्याकाळ. चाटून घ्यायचा.

आईने मान वर केली. ज्या बघण्याची तिला धास्ती होती ते हे नव्हतं. त्यात राग नव्हता. आई फक्त विचारत होती, घरात मीठ संपलंय का असं विचारावं तसं.

“तुला माहीत होतं का गं? तेव्हा. मेसेज बघितलास तेव्हा.”

‘नाही’ म्हणायचं होतं. दोन अक्षरं. तोंडाने म्हणायचं, मग ते खोटं असलं तरी आईने मानलं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि ताईनेही, हे तिला आता माहीत झालं होतं, ताईनेही ते आईसाठी मानून घेतलं असतं. तिने तोंड उघडलं. घशात तोच घास होता, आठवीतला, तसाच्या तसा. तिने ताईकडे बघितलं. ताई खाली फरशीकडे बघत होती आणि पायाच्या अंगठ्याने फरशीवर एक रेघ ओढत होती, पुन्हा पुन्हा, एकाच जागी.

आई थांबली. पुरेसं थांबली. बाबा थांबायचे त्याहूनही जास्त. मग आयुष्यात त्या टेबलावर एकदाही न बोललेल्या आईने टॉवेलावरचा हात उचलला आणि दोन बोटं शेजारच्या स्टुलावर एकदा आपटली. ड्रॉपर बाटलीला लागून किणकिणला.

“मंजूर,” आई म्हणाली.